जेलचे कंपाउंडर अन् जुना तांदूळ

आमचे हे, म्हंजे गुणवंतराव, चांद्याच्या जेलात कंपाउंडर होते. शेजारच्या बायका सांगत, नवरा कोर्टात हाय, नवरा शाळेत हाय. मले सांगा लागे, नवरा जेलात हाय. समोरची दचकली की म्हणा लागे, "अवो बाई, कैदी नाई, नोकरीवर हाय." दर खेपेले तेच. वीट आला होता मले.

माणूस लय साधा. खरूज झालेल्या कैद्याले आपल्या हातानं मलम लावत. कोणाचं गळू, कोणाचे जुलाब, कोणाले घरच्या आठवणीनं झोप नाई, सगळ्यायचं ऐकून घेत. घरी आले की अंगाले फिनाइलचा वास अन् डोकं अजून तिकडंच. माह्या तोंडाले काई लगाम नाई. मी म्हणत होती, "चोरा-दरोडेखोरायची एवढी सेवा करता, त्यातली पावभर घरच्यायची करा." तर हे म्हणत, "शिक्षा जजनं देल्ली, मीरा. खोकल्याची शिक्षा तर देल्ली नाई ना?"

चौऱ्यांशी साल असन. आलापल्लीच्या तिकडचा एक माडिया आदिवासी, लालसू नावाचा, सागवान तोडल्याच्या केसमधी जेलात आला. जामीन घेणारं कोणी नाई. आला तवाच खोकून खोकून वाकला होता, थुंकीत रक्त. डाक्टर म्हणे, टीबी हाय. त्याले वेगळ्या खोलीत ठेवलं, रोजची सुई अन् गोळ्या सुरू केल्या. जरासा सुधरला. ह्यायले केवढा आनंद झाला होता. घरी येऊन सांगत, आज ताप नाई, आज जेवला.

दिवाळी झाली अन् त्यानं जेवण टाकलं. भाताचं ताट आलं की सरकवे अन् भिंतीकडं तोंड करून बसे. भाकर द्यावी तर ज्वारी त्याच्या गळ्याखाली उतरे नाई, उभ्या जन्मात खाल्ली नव्हती. दूध देलं तर शिवेना, त्यायच्यात दूध वासराचं समजतात. उपाशी पोटी गोळ्या देल्या की सगळ्या उलटून पडत.

जेलचे मोठे साहेब म्हणे, केस सोडावी म्हणून उपोषण करून राह्यला. डाक्टर म्हणे, असंच चाललं तर नाकातून नळी घालून पेज द्या लागन, अन् छाती अशी असताना ते जिवावरचं काम हाय. हे त्याच्याजवळ बसून विचारत, काऊन रे बा, काऊन खात नाई? तो एवढंच म्हणे, "नाई." त्याले मराठीचे चार शब्द येत अन् ह्यायले माडियाचा एकबी नाई.

ह्यायचंबी जेवण गेलं. ताटावर बसत अन् उठून जात. "मरते तो माणूस, मीरा," म्हणाले एक दिवस, "माह्या डोळ्यासमोर मरते." मी त्यायचं ताट झाकून ठेवलं.

अशात लालसूची बायको आली, सोमारी. अहेरीहून बस बदलत आली, तर भेटीची वेळ टळून गेलेली. परत जायाले गाडी नाई. जेलच्या फाटकाबाहेर बसून होती. ह्यायनं मले विचारलं ना पुसलं, सरळ घरी आणून बसवलं.

मी म्हटलं, ठीक हाय, उपाशी बाई हाय, चांगलं वाढू. माह्या भावानं ब्रह्मपुरीहून नव्या धानाचे तांदूळ पाठवले होते. नव्या भाताचा वास कसा असते, घरभर पसरते. वर लाखोरीची दाळ, वांग्याची भाजी. ताट तिच्यापुढं ठेवलं. तिनं वाकून भाताचा वास घेतला अन् ताट हळूच माह्याकडं सरकवलं.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावी लहान होती तवा आमच्या हातचं पाणी नको म्हणणारे लय पाह्यले मी. आता चांद्यात, माह्या घरात, बुद्धाच्या फोटोखाली बसून ही बाई माह्या भाताले नको म्हणते? मी म्हटलं, "काऊन वो? आमच्या हातचं चालत नाई काय? तुह्या नवऱ्याले माहा नवरा सुया टोचते, ते बरं चालते."

हे म्हणाले, "मीरा, जरा दमानं."

"तुमी चूप राहा."

सोमारी भेदरली. मंग तिनं माह्या हातातला पाण्याचा गडवा घेतला अन् घटाघटा पेली. भाजी हातावर घेऊन खाल्ली, माह्या समोर. अन् भाताकडं बोट दाखवून म्हणे, "बाई, हे नवं हाय. आमच्या गावचं पंडुम झालं नाई."

तिची मराठी बाजारातली, मोडकीतोडकी, पण समजली. नवं धान आलं की त्यायचा गायता, म्हंजे गावचा पुजारी, ते पहिले देवाले अन् मेलेल्या वाडवडिलायले देते. त्या सणाले पंडुम म्हणतात. ते झालं की मंग गाव खाते. त्याच्या आधी कोणी नवं खाल्लं तर लेकराबाळायवर येते. "तुह्या हातचं खातो, बाई," ती म्हणे, "भात जुना दे."

इकडं ह्यायचा घास हातातच राह्यला होता.

मी विचारलं, "जेलात नवा तांदूळ कधी आला?"

"दिवाळीनंतर," हे म्हणाले, अन् घास ताटात ठेवून देल्ला.

मी सोमारीवरच तडकली, "मंग तुहा नवरा बोलत काऊन नाई? तोंड शिवलं काय त्याचं?"

ती म्हणे, "देवाची गोष्ट पोलिसाले कोण सांगते, बाई?"

मी उठली. डब्याच्या तळाशी मागच्या सालचे तांदूळ होते, ते चुलीवर चढवले. पोटभर जेवली बिचारी. मले माह्या रागाचंच हसू आलं. मी तडकली नसती तर ती चूपचाप भाजी खाऊन झोपी गेली असती, अन् तिकडं त्याच्या नाकात नळी गेली असती.

दुसऱ्या दिवशी हे सकाळीच साहेबापुढं उभे. साहेब म्हणे, "गुणवंतराव, एकाले जुना तांदूळ, उद्या दुसरा बासमती मागन." पण डाक्टर देवमाणूस. ते म्हणाले, "आजाऱ्याले जुनाच तांदूळ द्यावा, माही आईबी हेच सांगे." अन् लालसूच्या पथ्यात तसं लिहून देल्लं. जेलच्या गोदामात मागं जुनी पोती पडलीच होती.

भेटीच्या वेळी ह्यायनं त्या पोत्यातले मूठभर तांदूळ सोमारीच्या हातावर ठेवले. तिनं ते चोळून पाह्यले, एक दाणा दाताखाली चावला, अन् जाळीतून नवऱ्याशी आपल्या बोलीत बोलली. काय बोलली ते ह्यायले समजलं नाई. लालसू लहान पोरासारखा रडला.

त्या संध्याकाळी हे घरी आले ते दारातूनच म्हणाले, "जेवला. गोळ्या पोटात राह्यल्या." अन् स्वतः दोनदा भात मागून घेतला.

तवापासून जंगलातून कोणी कैदी आला की हे पहिले विचारत, तुह्या घरी काय चालते, काय चालत नाई. माडिया शिकाले लागले, त्या वयात. घरीबी माह्याशी बोलत. मी म्हणत होती, मले तुमची मराठीच पुरे हाय.

होळीच्या आधी लालसूची केस सुटली. अहेरीच्या दवाखान्यात पुढची सुई मिळन अशी सोय ह्यायनं करून ठेवली होती. जायच्या दिवशी नवरा-बायको आमच्या दाराशी आले. मी त्याले पहिल्यांदाच पाहत होती. उंच माणूस, गालावर मांस आलेलं.

"बाई, जातो," तो म्हणे.

मले भरून आलं. अन् मले भरून आलं की राग येते, काय करू. मी म्हटलं, "जा. पण ऐक. बरं वाटते म्हणून सुई सोडली तर मी आलापल्लीले येऊन तुहा कान धरीन. ह्या माणसानं तुह्यापायी अन्न टाकलं होतं, समजलं काय?"

सोमारीनं त्याले ते माडियात सांगितलं. तो हसला. चांगला मोठ्यानं, छाती भरून हसला. हे एकदम पुढं सरकले, हात त्याच्या पाठीकडं गेला, आता खोकल्याची उबळ येईन म्हणून.

खोकला आला नाई. तो हसतच राह्यला.