टेकडीच्या वाटेवरचा दांडा

शरद कांबळे यांनी टेकडीसाठी प्राण दिले, असं शोकसभेत तीन वक्त्यांनी सांगितलं. खरं म्हणजे टेकडीनं ते मागितले नव्हते. फिरताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला, एवढंच.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून शरदराव रोज सकाळी मला शनिवार पेठेतून स्कूटरवर घेत आणि पायथ्याशी गाडी लावून आम्ही वर चढत असू. टेकडी वनखात्याची. पण आम्ही फिरणारे ती आपल्या परसात असल्यासारखे वागत होतो... कुणी बाकं टाकली, कुणी दगडाला शेंदूर फासून देव केला. मग आयटी कंपन्या आल्या, पगार आले आणि मोटारसायकली थेट माथ्यावर येऊ लागल्या. पार्टीच्या बाटल्या वेचताना शरदराव म्हणायचे, "अहो कुलकर्णी, मुलं शिकली हो. लेबलवरचं इंग्रजी कुठेही न अडखळता वाचतात."

वनखात्याच्या कचेरीत ते इतक्या वेळा गेले की शिपाई न विचारता चहा आणून ठेवी. अखेर वाटेच्या तोंडाशी लोखंडी दांडा आला, त्याला कुलूप. शेजारी चालणाऱ्यांपुरती फट. किल्ली रखवालदाराकडे नको, हा आग्रहही त्यांचाच. "पुण्यात प्रत्येकाची कुणाशी तरी ओळख निघते," ते म्हणाले. आमच्यातले साने सर मोटारीनं माथ्यावर येऊन तिथं फेऱ्या मारत. ते भडकले. "कांबळे, नियम त्या पोरांना लावा. आपल्याला कशाला?"

"सर, दांड्याला वय कळत नाही."

त्या सकाळी शरदराव माथ्यावर कोसळले. रुग्णवाहिका दांड्यापाशी अडली. किल्ली वनखात्याच्या साहेबांच्या घरी. स्ट्रेचर वर नेऊन आम्ही त्यांना उतारावरून खाली आणलं, थांबत, घसरत... रुग्णालयात शुद्ध आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "गाडी वर सोडली?"

"नाही."

"मग ठीक."

दुसऱ्या दिवशी ते गेले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर... आणि थांबले. ते वाक्य मी रोज पुरं करून पाहतो. रोज वेगळं होतं. त्यांची मुलगी सुजाता मला म्हणाली, "काका, तो दांडा काढायला लावू की राहू देऊ? बाबांना त्यानंच मारलं, आणि बाबांचं म्हणावं असं तेवढंच तिथं आहे." मला उत्तर देता आलं नाही.

साने सरांना आलं. शरदरावांच्या स्मरणार्थ दांडा कायमचा उघडा ठेवावा, असा ठराव त्यांनी शोकसभेतच मांडला. किल्ली रखवालदाराकडे द्या, ही माझी सूचना फारच साधी असल्यानं चर्चेला आली नाही. खात्यानं ठराव आश्चर्य वाटावं इतक्या लवकर मानला. गेल्या रविवारी माथ्यावर त्यांच्या नावानं वृक्षारोपण झालं. सुजाता आली नाही. गाड्या वरपर्यंत जात असल्यानं बाकी उपस्थिती चांगली होती.