पाचवं कडवं

अन्याय पिशोरहून शहरात आलेल्या एका शाहिरावर झाला. सलग तिसऱ्या कोरड्या वर्षी, चैत्रातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाला, जटवाडा रोडच्या पलीकडच्या वस्तीत, टँकरच्या रांगेत. सगळी वस्ती हजर होती. मीही होते, हातात पाणीहक्काच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन.

शाहिरांचं नाव मी इथं लिहिणार नाही. तशी त्यांचीच ताकीद आहे. "नाव गाण्यात राहू दे, पोरी. कागदावर आलं की ते साहेबाच्या टेबलावर जातं."

कन्नड तालुक्यात जत्रा असली की त्यांचा डफ ठरलेला. फुलंब्रीच्या एका वस्तादांकडे बारा वर्षं राहून ते शिकले. वस्तादांना मूलबाळ नव्हतं, त्यांचा कुठं फोटो नाही, आवाज कुणी भरून ठेवला नाही. शिकवताना त्यांनी एकच अट घातली होती: गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आधी माझं नाव, मग तुझं गाव, मग तुझं नाव. शाहिराची ती सही. चाळीस वर्षांत शाहिरांनी एकही गाणं सहीशिवाय संपवलं नव्हतं.

विहिरी आटल्या तसे ते बायको आणि डफ घेऊन शहरात आले आणि बांधकामावर वॉचमन झाले. शहर तेव्हा डोंगराकडं सरकत होतं. कालच्या बाजरीच्या रानात दहा दहा मजले चढत होते. नव्या भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे, आणि त्याच भिंती बांधणाऱ्या बायका घागर घेऊन मैलभर जायच्या. हे बघून शाहिरांनी गाणं रचलं: 'भिंत प्याली पोटभर, लेक माझी तहानली.' कडवी पाच.

आमची ओळख थंडीतल्या एका कोपरा सभेत झाली. गारठ्यानं कातडं सैल पडून डफाचा आवाज उतरला होता. शाहिरांनी माझ्याकडं पत्रकं मागितली. मला आनंद झाला, मी मूठभर दिली. त्यांनी ती पेटवली आणि डफ शेकला.

"तुमची पत्रकं लई कामाची," ते म्हणाले. "लगेच पेटतात."

त्या दिवशी ते गायले तेव्हा चहाच्या गाडीवरचा गडी किटली हातात धरून तसाच उभा राहिला. मी फोनवर सगळं टिपलं. घरी येऊन पाचवं कडवं कापलं आणि चार कडवी शहरभर पाठवली.

होय, कापलं मी. आमच्या गटाचा नियम होता, पत्रकावर कुणाचं नाव नाही, चळवळीत मी-मी नाही. मी सिडकोतल्या कारकुनांच्या घरात वाढलेली. माझं नाव शाळेच्या फळ्यापासून बँकेच्या पासबुकापर्यंत सगळीकडं लिहिलेलं होतं. ते सोडून द्यायला मला काय लागत होतं?

शाहिरांनी ऐकलं. "शेवटचं कुठंय?"

"बाबा, गाणं आता सगळ्यांचं आहे. एकाचं नाव कशाला?"

त्यांनी माझं पत्रक उलटं धरलं आणि तळाच्या बारीक अक्षरावर बोट ठेवलं. तिथं छापखान्याचं नाव होतं. "ह्याचं चालतं व्हय?"

मी हसून वेळ मारून नेली.

त्या मंगळवारी टँकर आला तो कर्णा लावून. पुढं वॉर्डातल्या एका पुढाऱ्याचा फोटो. कर्ण्यावर शाहिरांचाच आवाज, मी कापलेली चार कडवी, आणि चौथं संपलं की दुसराच आवाज: "आपल्या लाडक्या भाऊंचं तहानलेल्यांसाठी गाणं." मग पुन्हा पहिल्यापासून.

शाहीर दोन कॅन घेऊन रांगेत होते. कॅन तिथंच ठेवून ते घरात गेले आणि डफ घेऊन आले. उन्हानं कातडं इतकं ताणलं होतं की ते ओल्या फडक्यानं पुसत होते. मागची बाई म्हणाली, "प्यायला नाय, अन् डफाला पाणी पाजायलेत." रांग हसली. शाहीर हसले नाहीत. ते टँकरपाशी गेले.

"कर्णा बंद करा. गाणं माझं हाय. शेवट राह्यलाय त्याचा, तो म्हणतो अन् जातो."

नळीवर बसलेला भाऊंचा माणूस खाली उतरला. "चच्चा, गाणं भाऊंचं हाय. ऐका ना, इथंच तर संपतं." त्यानं फोन त्यांच्या कानाशी धरला. चौथं कडवं. शांतता. "संपलं का नाय? तुमचं नाव कुठंय ह्याच्यात?"

शाहिरांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातातला पत्रकांचा गठ्ठा घामानं ओला झाला होता. कापलं मी, एवढे दोनच शब्द बोलायचे होते.

त्या माणसानं नळीची चावी फिरवली. पाणी थांबलं. "आता रांगंनंच सांगावं. ह्यांचं गाणं पाह्यजे का पाणी? मला अजून दोन वस्त्या हायेत."

मघाचीच बाई हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मागनं म्हणा ना. लेकरं घरी हायेत."

शाहिरांनी डफ काखेत मारला. जागेवर आले, कॅन उचलले. चावी फिरली. त्यांचा नंबर येईपर्यंत ते गाणं त्यांच्या डोक्यावर आणखी चार वेळा वाजलं, आणि चारही वेळा ते वस्तादांच्या नावाआधी थांबलं.

टँकर गेल्यावर मी ते दोन शब्द बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. "माझं जाऊ दे," ते म्हणाले. "फुलंब्रीला वस्तादांची म्हातारी हाय. दर दिवाळीला शेवटचं कडवं ऐकायला बसती. तिच्या नातेवाइकाच्या फोनवर बी हेच गेलंय. संपल्यावर ती विचारती, थांबलं कशानं?"

मी नंतर पाचही कडवी पुन्हा पाठवली. फिरतंय ते कापलेलंच. शाळांच्या फेरीत, लग्नाच्या बँडवर, पाणी वाचवाच्या कार्यक्रमात.

ते तुमच्या फोनमध्ये असेल. भिंतीपासून सुरू होणारं, चार कडव्यांत संपणारं. आज पुसा. पाचवं शिकायला वस्तीत या, शाहीर शिकवतात, डफ शेकायला जुनी पत्रकं घेऊन या. आणि जिथं चारच वाजतील तिथं, नळी तुमच्याच हंड्यात असली तरी, मोठ्यानं विचारा: पाचवं कुठंय? मी त्या मंगळवारी तोंड उघडलं नाही. तुम्ही उघडा.