प्रेमापायी सात मुडदे

खच्च! बरीच वर्षं झाली, पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे. अमरावतीच्या आमच्या भाजीबाजारात मारधाडीच्या सिनेमाचं शूटिंग झालं होतं, तेव्हाचा. मी मेथी-पालकवाला, बोलणं कमी. लोक येऊन सांगतात, मी ऐकतो. असे किस्से मग जुड्यांसारखे साचत जातात. पाणी मारलं की पुन्हा ताजे!

तर ते खच्च. साउंडवाले साहेब शेजारच्या जानरावच्या कोबीत सुरी खुपसून आवाज भरून घेत होते. पडद्यावर माणसाच्या पोटात सुरी शिरते, तो आवाज आमच्या कोबीचा!

"काका, मान मोडायला काय घेऊ?" त्यांनी विचारलं.

जानरावनं विचार केला. "मुळा न्या. गवारीनं कोणी मरत नाही!"

*

चहा पिता पिता डायरेक्टरनं गोष्ट सांगितली. विलन सात खून करतो. पोलिसांना वाटतं, पैशासाठी. खरं कारण शेवटी कळतं. एका बाईवरचं प्रेम!

"त्या बाईले मालूम हाये?" जानराव.

"नाही ना! तो तिला कधी बोललाच नाही. तीच तर गंमत."

"कायची गंमत? पयलेच सांगून टाकलं असतं तं सात माणसं वाचली असती ना, बाप्पा!"

सगळे हसले. वांगीवाला प्रल्हाद तेवढा हसला नाही. बायको गेल्यापासून तो एकटा. रोज सकाळी फूलवाल्या इंदूबाईकडून देवासाठी दोन हार घ्यायचा. घरात देवाचा फोटो एकच!

*

विलनचं काम करणारा नट मोठा गरीब माणूस. झुरळालाही भ्यायचा. सात खून केले बिचाऱ्यानं, पण प्रेमाच्या सीनला डोळ्यांत पाणी येईना. दुपारी जानरावनं त्याला भाकर आणि ठेचा दिला. पहिल्याच घासाला पाणी घळाघळा!

"हेच पाहिजे!" डायरेक्टर ओरडला. "कॅमेरा लावा!"

ते प्रेम लोकांना फार आवडलं म्हणतात.

*

मुडदा व्हायला कोणी तयार होईना. अपशकुन ना! पण मुडद्यावर रडायला इंदूबाईला घेतल्याचं कळलं आणि प्रल्हाद वांगी उघडी टाकून धावला.

"मी मरतो, साहेब!"

त्याच्यावर पांढरी चादर टाकली. इंदूबाईनं असा हंबरडा फोडला की गिऱ्हाइकं थांबली. तेवढ्यात चादरीतून आवाज आला, "इंदूबाई, इतकं नका रडू. घसा बसन."

"कट! अहो, मुडदा बोलतो कसा?"

"जित्तेपणी बोलत नाही, म्हून!" जानराव म्हणाला.

*

सिनेमा आम्ही अकोल्याला पाहिला, टेम्पो करून गेलो. प्रल्हादचे फक्त पाय दिसले. "थे पाय आमच्या प्रल्हादभाऊचे हायेत!" जानरावनं सगळ्या टॉकीजला सांगितलं.

शेवटी विलन गोळी खाऊन मेला. त्या बाईला काही कळलंच नाही. इंदूबाईनं पदरानं डोळे पुसले आणि चिडून म्हणाली, "तोंड नोतं का मेल्याले?"

शेजारी प्रल्हाद शेंगदाणे खात होता. तो चावायचा थांबला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रल्हाद हार घ्यायला आला. हार हातात घेतला, पण जाईना. जानरावनं तराजू खाली ठेवला. मी मेथीवर पाणी मारायचं थांबवलं.

"इंदूबाई," प्रल्हाद म्हणाला. त्याची मान खालीच. "मेल्यावर तं रडल्या तुमी. आता जित्ता हावो, तं माह्यासंग राहून पायता का?"

इंदूबाईची सुई थांबली. नवरा गेल्यापासून तिनं साऱ्या गावाला गजरे विकले, स्वतः एक फूल माळलं नव्हतं. लोक काय म्हणतील, हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिनं एकदा सगळ्या बाजाराकडे पाहिलं. प्रल्हादच्या कपाळावर घाम आला होता.

"बोला ना वो, इंदूबाई," जानराव हळूच म्हणाला.

तिनं टोपलीतून मोगऱ्याचा गजरा उचलला, अंबाड्यात खोचला, पाण्याची कळशी कमरेवर घेतली आणि नळाकडे निघून गेली.