मामंजींनी उचलायचा बेलभंडार

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, जे झालं होतं त्याला हल्ली डॉक्टर स्मृतिभ्रंश म्हणतात. पन्नासच्या दशकात आमच्या ताथवड्यात त्याला म्हातारचळ म्हणत, आणि सासूबाई तो शब्दही घरात काढू देत नसत. "येड्याचं घर म्हनतील. तोंड मिटून ऱ्हा," असा मला सक्त हुकूम होता. तोंड मिटून राहणं मला जन्मात जमलेलं नाही, पण सून होते, गिळत होते.

जेवून हात धुतले की मामंजी पुन्हा ताट मागत. कधीच मेलेल्या बैलाला हाका मारत. मी भाकरी वाढली की अदबीनं विचारत, "तुमी कुन्या गावच्या?" पण मोटेवर उभे राहिले की सगळं बरोबर. बैलांची चाल, कासऱ्याचा हिसका, तोंडात मोटेवरचं गाणं, कशात चूक म्हणून नाही. त्यामुळे बाहेर कुणाला संशयच आला नाही.

विहीर दोघा भावांत सामाईक होती. एकाआड एक दिवस पाण्याची पाळी, एक दिवस आमची, एक दिवस मामंजींच्या धाकट्या भावाची, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांची. माझे यजमान पिंपरीच्या नव्या कारखान्यात सायकलवरून जात, त्यामुळे मळा मामंजींकडेच होता. आज पाळी कुणाची, हे त्यांच्या ध्यानात राहीना. चुलत सासऱ्यांच्या दिवशीही ते पहाटे मोट जुंपत आणि आमच्या कांद्याला पाणी सोडत. विचारलं की सांगत, "म्या न्हाई सोडलं." खोटं बोलायची त्यांची जातच नव्हती. सोडलेलं त्यांना खरोखर आठवत नसे.

तिकडे चुलत सासऱ्यांचा कांदा माना टाकायला लागला. आधी बोलाचाली झाली, मग शिव्या, आणि एके दिवशी ते फावडं घेऊन बांधावर आले. तेव्हा गावातली जाणती माणसं मध्ये पडली. मामंजींनी देवळात बेलभंडार उचलावा, असं ठरलं. देवापुढचा बेल आणि भंडारा ओंजळीत घेऊन माणूस जे बोलेल ते गाव मानत असे. खोटं बोलून उचलला तर वंश बुडतो, ही भीतीही प्रत्येकाच्या पोटात होती. माझ्या पोटात तेव्हा माझं पहिलं मूल होतं. माझा विश्वास अर्धामुर्धाच, पण त्या दिवशी मी पार गारठून गेले होते.

यजमानांना रजा मिळाली नाही. सकाळी देवळापुढं पुरुष बसले, आम्ही बायका पदर सावरून कडेला. पुजाऱ्यानं ताट पुढं केलं. मामंजी स्वच्छ पटका बांधून आले होते, चेहरा शांत. त्या शांतपणाचाच मला संताप आला. इथं आमचा जीव टांगणीला लागलेला, आणि ते लग्नाला आल्यासारखे उभे. आता ते खरं मानून खोटं बोलणार, त्यांना पाणी सोडताना ज्यांनी पाहिलं ती माणसं समोर बसलेली, आणि चोरीवर खोट्या शपथेचा डाग कायमचा बसणार.

त्यांनी ओंजळ पुढं केली तशी मी उठले. सासूबाईंनी पदर ओढला, मी तो सोडवून घेतला.

"मामंजी, आदी मला वळखा," मी म्हणाले. "मी कोन हाय, सांगा समद्यांना."

थोरांपुढं सून बोलली म्हणून कुजबुज झाली. मामंजींनी माझ्याकडं पाहिलं आणि हात जोडले. "पावनीबाई, म्या तुमाला वळखलं न्हाई. घरी जेवून जावा."

कुणीतरी हसलं. चुलत सासरे ताडकन उठले. "सुनेनं पढवून आनलंय ह्यास्नी. सोंग हाय समदं," म्हणत ते मामंजींपुढं जाऊन उभे राहिले, छाती लागेल इतके जवळ. आता हात उचलतात की काय, असं वाटून मी पुढं सरले.

"दादा, हिकडं बघ. मी कोन हाय?"

मामंजींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्यांच्या तोंडावर ओळखीची एक रेघही उमटली नाही. मग ताटातला बेलभंडार ओंजळीत घेऊन, गावच्या मोठ्या माणसाशी बोलावं तशा आदरानं ते म्हणाले, "तुमी कोनी पंच दिसता. म्या शपत घेतो, पर त्याच्या आदी माज्या धाकट्या भावाला बोलवा. लहानपनापास्नं माज्याच हाताखाली वाढलाय त्यो. मी पानी चोरीन का, त्याला इचारा. त्यो सांगंल त्ये मला कबूल हाय."

चुलत सासऱ्यांनी त्यांच्या ओंजळीतला बेल काढून घेतला आणि भंडाऱ्यानं पिवळे झालेले मामंजींचे हात आपल्या धोतराला पुसत राहिले.