लेण्याची वाट

आमच्या हायस्कुलात इतिहास शिकवणारे सर मे महिन्यात निवृत्त होणार होते. जिल्हा रत्नागिरीपासून नुकताच वेगळा झाला होता. सरांच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती, घाटातल्या कड्यातलं लेणं एकदा डोळ्यांनी बघायचं. तिथे सहा ओळींचा शिलालेख आहे, हे ते वीस वर्षं मुलांना लिहून देत होते. कुणाच्या तरी अर्धवट टिपणावरून त्यांनी अक्षरं जुळवली होती, अर्थही लावला होता. स्वतः मात्र कधी गेले नव्हते, कारण दमा.

मी त्यांचाच विद्यार्थी आणि आता त्याच शाळेत मराठीचा मास्तर. त्या वर्षी माझा पहिला लेख छापून आला. त्यातल्या सात चुका सरांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या. सगळे हसले, मीही हसलो. पण ते मला पचलं नाही.

लेण्याला वाटा दोन. एसटीने फोंडाघाट चढून माथ्यावरच्या गावात मुक्काम करायचा आणि सकाळी तासभर सपाटीने चालायचं. नाहीतर पायथ्याच्या वाडीतून चार तास उभा चढ, रविवारच्या रविवारी परत. दमेकऱ्याने कुठली धरावी हे सांगायला डॉक्टर नको होता. पण पहिलीला रजा लागत होती, आणि सरांना रजा घेणं जिवावर यायचं. ते घुटमळले तेव्हा मी म्हटलं, "सर, कौल लावया. देव सांगात तसा."

आमच्याकडे विहीर खणायची तरी ग्रामदेवतेला विचारतात. पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली की होकार. मिळालेला कौल कुणी मोडत नाही, सर तर नाहीच नाही. गुरव माझ्याबरोबर शिकलेला. उजवी पाकळी जरा कोरडी ठेव, असं मी त्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. चढाच्या वाटेने जावं का, असं त्याने विचारलं आणि उजवी पडली. सरांनी हात जोडले. मला मजा वाटली, खोटं कशाला सांगू.

रविवारी चढायला लागलो आणि दीड तासात सर एका करवंदीच्या जाळीशी बसले. ओठ निळे पडले होते. त्यांनी शिलालेखाचा ठसा घ्यायचे कागद आणि शाई असलेली पिशवी माझ्याकडे दिली.

"तू जा वर. माका जमाचा नाय. सगळ्यो ओळी घेऊन ये."

वर कातळ कोरडा होता आणि अक्षरं लख्ख. शाळेत असताना वहीत उतरवलेली ती अक्षरं मला पाठ होती. एकेक ताडून पाहिलं. सहाही ओळी सरांनी म्हटल्या तशाच होत्या. एक चूक सापडावी म्हणून मी दुसऱ्यांदाही ताडून पाहिलं. पिशवी उघडली नाही.

"काय नाय थंय," खाली येऊन मी म्हटलं. "कातळ झडलो. एक अक्षर नाय."

"एकय नाय?"

"एकय नाय."

सर कोरे कागद उलटसुलट करत बसले. मग म्हणाले, "म्हणानच देवान माका वर जाऊक दिल्यान नाय."

सोमवारी त्यांनी दहावीच्या मुलांना वह्या उघडायला सांगितल्या. "ते पान खोडा. मी तुम्हाला खोटं शिकवलं." त्यांच्या आणि माझ्या वर्गाच्या मधे नुसत्या लाकडी फळ्यांची आडभिंत होती, सगळं ऐकू येत होतं. मी माझ्या वर्गाला कविता मोठ्याने म्हणायला लावली.