दादाच्या नावापुढे निरंक

बॅलार्ड पियरवर दादाने माझी ट्रंक हमालाला उचलू दिली नाही. "आपलं सामान आपण उचलायचं, वश्या," म्हणत त्याने ती खांद्यावरून उतरवली आणि होल्डॉलचा पट्टा सैल झाला होता तो आवळायला वाकला. त्याला तो आवळता येईना. उजव्या हाताच्या तीन बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. मी विचारलं, तर म्हणाला, "काय नाय रे, ॲसिड उडालं असेल. तू चढ वर, उशीर होतोय." पट्टा मीच आवळला आणि वर चढलो. दादाच्या कामात ॲसिड नव्हतंच, हे मला घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. पण डोक्यात व्हिएन्ना भरलं होतं. डेकवरून मी त्याला हात हलवला, त्याने चिंध्यांचा हात हलवला, आणि मी खूश होतो. लाज वाटते लिहायला, पण होतो.

वहिनी, हे मी तुमच्यासाठी लिहितोय. माझ्यासारखे जे घरातून उठून लांब गेले आणि तिथून घरच्यांना शहाणपण पाठवत बसले, त्यांनीही वाचलं तर हरकत नाही. तुम्हाला यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं मी इतकी वर्षं गिळून बसलो.

आम्ही मूळ मालवणकडचे. बाबा गिरणीत होते. ते गेले तेव्हा दादाने शाळा सोडली आणि भांडुपच्या एका ओतकामाच्या कारखान्यात लागला. मी शिकलो. बी. एस्सी. होऊन सरकारी प्रयोगशाळेत चिकटलो. मुलुंडच्या दोन खोल्यांत आई, दादा, तुम्ही आणि मी. दादाच्या कारखान्यात लोखंडाचे मोठाले व्हॉल्व्ह ओतत. आत कुठे चीर राहिली आहे का ते बाहेरून दिसत नाही, म्हणून एका बाजूला कोबाल्टची गोळी ठेवायची, दुसऱ्या बाजूला फिल्म, आणि लोखंडाचा आरपार फोटो काढायचा. ती किरणोत्सर्गी गोळी शिशाच्या डब्यात असे. लांब चिमट्याने काढायची असा नियम. दादा म्हणे, चिमट्याने पकडत बसलो तर दिवसाचे चार व्हॉल्व्हसुद्धा होणार नाहीत. मग तो काय करत असेल ते मी विचारलं नाही.

त्या कामावरच्या माणसांना आमची प्रयोगशाळा बिल्ले देई. बिल्ल्यात फिल्मचा छोटा तुकडा. छातीवर लावायचा, म्हणजे माणसाच्या अंगावर किती किरण पडले ते महिन्याच्या शेवटी त्या तुकड्यावर काळं उमटतं. तो तुकडा धुऊन, वाचून, रजिस्टरमध्ये आकडा लिहायचं काम माझं. काही नसलं तर 'निरंक'. दादाचा बिल्ला मीच घरी घेऊन आलो होतो. देताना सांगितलं, "हरवू नकोस हां. हरवलास तर मलाच जाब विचारतील. सख्खा भाऊ म्हणून जास्तच."

बस्स, एवढंच सांगितलं. आणि आमचं घर कसं, ते तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे नवी वस्तू वापरायची नसते. आईने माहेरून आणलेल्या काचेच्या बरण्यांत कधी लोणचं पडलं नाही. बाबा नव्या वहाणा हातात धरून चिखलातून अनवाणी जात. बिल्ला पाहून आई म्हणाली, "सरकारी वस्तू आसा, वश्याच्या हापिसातली. जपान ठेव." तो गेला कपाटात, दादाच्या लग्नातल्या पितांबराच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांजवळ. महिन्याच्या अखेरीला दादा तो कारखान्यात नेऊन जमा करी, नवा आणी, की तोही घडीत.

प्रयोगशाळेत बाकीच्यांचे बिल्ले यायचे ते तेलकट, घामाने पिवळे पडलेले, एखाद्याचा कोपरा चावलेला. दादाचा बिल्ला कायम कोरा करकरीत. मला वाटायचं, आपला दादा किती नीटनेटका. लाल दिव्याखाली त्याची फिल्म धरायचो, ती स्वच्छ दिसायची, आणि मी त्याच्या नावापुढे झोकात निरंक लिहायचो. सहकाऱ्यांना दाखवायचोसुद्धा, असं काम करावं म्हणून. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझा होता.

मग व्हिएन्ना. अणुशक्तीवर देखरेख ठेवायला सगळ्या देशांची एक संस्था तिथे नुकतीच उभी राहिली होती. आमच्या शिष्टमंडळाला आकडे सांभाळायला कुणीतरी हवा होता, आमच्या साहेबांनी मला उचललं. साहेब पुण्याचे, हुशार, जिभेला धार. तिथे भांडण एकाच गोष्टीचं होतं. मोठे देश म्हणत, आम्ही तुम्हाला युरेनियम देऊ, यंत्रं देऊ, पण तुम्ही त्याचा बॉम्ब करणार नाही आणि माणसं नीट सांभाळाल हे बघायला आमचे निरीक्षक तुमच्या घरात येणार. आमचे साहेब उभे राहून विचारत, ज्यांच्या कोठारात बॉम्ब भरलेत त्यांची झडती कोण घेणार? ज्याच्याकडे एकही नाही त्याचीच का? बाकीचे गरीब देश बाक वाजवत. मीही मागच्या खुर्चीत ताठ बसे. आजही मला वाटतं, साहेबांचं म्हणणं खरं होतं. हाच तर घोळ आहे. म्हणणं खरं होतं, आणि त्याखाली जोडलेला कागद खोटा होता.

तो कागद मी केला होता. आमची माणसं सुरक्षित आहेत, आमच्या नोंदी चोख आहेत, बाहेरच्या कुणी डोकावायची गरज नाही, हे दाखवणारं परिशिष्ट. त्यात बिल्लेवाल्यांचा तक्ता. तक्त्यात दादा.

ज्या दुपारी तो तक्ता सभेपुढे जाणार, त्याच सकाळी तुमचं पत्र आलं. मी ते ट्रामच्या थांब्यावर फोडलं. सगळ्यांची खुशाली, आईचा दमा, आणि मग हे, मला शब्दन् शब्द पाठ आहे: "भाऊजी, तुमच्या बिल्ल्याची काळजी नको. कामावर नेला तर खराब होईल म्हणून हे तो घरीच ठेवतात. सासूबाई दर सोमवारी पुसून ठेवतात, अगदी नव्यासारखा आहे. ह्यांच्या बोटांची कातडी मात्र सोलवटून येते आहे, नखं काळी पडली. चुन्याची निवळी लावते. चांगलं औषध तिकडे मिळालं तर कळवा."

ट्राम आली, गेली. दुसरी आली. मी तसाच उभा.

साहेबांना मी सभागृहाबाहेर कॉरिडॉरमध्ये गाठलं. पत्र वाचून दाखवलं. म्हणालो, सर, हा तक्ता मागे घ्यायला हवा. साहेब वाईट माणूस नव्हते, वहिनी. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "सख्खा भाऊ?" म्हणाले. मग म्हणाले, "हे बघ, आत चाळीस देश टपून बसलेत. आज आपण एक ओळ खोडली की उद्या सगळं पुस्तक उघडायला सांगतील. हात दाखवून अवलक्षण कशाला? तू घरी तार कर, भावाला सांभाळ. आपल्या घरचं आपण बघू."

मी हो म्हणालो. ते आत गेले, मागोमाग मी.

तक्ता वाटला गेला. नॉर्वेचा एक म्हातारा प्रतिनिधी होता, सावकाश बोलणारा. त्याने तक्ता उलटसुलट पाहिला आणि विचारलं, फिल्मवर काही नाही म्हणजे माणसावर काही नाही, असं धरायचं का? बिल्ला माणसाच्या अंगावर होता हे कोण सांगणार? साहेब मागे वळले नाहीत. त्यांनी फक्त हात मागे केला, म्हणजे मी उत्तराची चिठ्ठी द्यायची, ही आमची रीत. मी चिठ्ठी दिली. तिच्यावर लिहिलं होतं, 'बिल्ला लावणे नियमाने सक्तीचे आहे.' साहेबांनी ती वाचली, म्हाताऱ्याने मान डोलावली, आणि विषय संपला. माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती ती. मला कुणी धमकावलं नव्हतं. उठून एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोललो नाही.

सभा संपल्यावर मी तार लिहायला बसलो. आता ती तार. ती तुमच्याकडे आहे, मला ठाऊक आहे. आल्यागेल्याला तुम्ही दाखवता. भाऊजींनी तिकडे एवढ्या मोठ्या कामात असताना तार केली, भावावर केवढा जीव, असं सांगता. दर वेळी ऐकलं की मला उठून चालू पडावंसं वाटतं. त्या तारेत आहे: बिल्ला रोज लाव, डॉक्टरला दाखव.

मी आधी लिहिलं होतं ते असं नव्हतं. मी लिहिलं होतं: काम आजच सोड, गोळीला हात लावू नकोस. मग लक्षात आलं, तार शिष्टमंडळाच्या कचेरीतून जाणार. साहेब बघणार. तिकडे कारखान्यात दादा तार दाखवणार, ते प्रयोगशाळेला विचारणार, काम का सोडायचं? मग रजिस्टर निघणार, माझं निरंक निघणार, आणि ज्या कागदावर आत्ताच माझ्या देशाने मान उंच केली तो कागद फाटणार. मी ती ओळ खोडली. वर बिल्ल्याची ओळ लिहिली. ती नियमाला धरून होती, कुणाला खटकली नसती.

दादाचं उत्तर दोन आठवड्यांनी आलं. डाव्या हाताने लिहिलेलं, अक्षर लहान पोरासारखं. "वश्या, तुझी तार मिळाली. आता बिल्ला रोज लावतो, दुहेरी पिन मारून. आधी लावला असता तर बोटांना झालं नसतं. आता भीती नाही. आता कामाचा जोरही वाढवलाय."

वाट लागली, वहिनी. त्याला वाटलं, बिल्ला किरण अडवतो. गळ्यातल्या ताइतासारखा. आणि का वाटू नये? मी कधी समजावून सांगितलं होतं, की तो बिचारा फिल्मचा तुकडा फक्त बघतो, करत काही नाही? बी. एस्सी. झालेल्या भावाने तार केली, बिल्ला लाव. त्याने लावला, आणि निर्धास्त होऊन गोळी हाताने उचलत राहिला. मी लगेच सविस्तर पत्र लिहिलं, सगळं सोडून दे म्हणून. ते पोचेपर्यंत महिना उलटला होता. प्रयोगशाळेतल्या माझ्या जागेवर आलेल्या मुलाने मला कळवलं: तुमच्या भावाची फिल्म धुतली, पूर्ण काळी आहे, काही चूक झाली असेल का?

चूक नव्हती. पहिल्यांदाच ती फिल्म खरं बोलली होती.

तरी मी आलो नाही. साहेबांनी सांगितलं, ठराव होईपर्यंत थांब. ठराव झाला. मग त्या संस्थेनेच मला नोकरी देऊ केली, आणि मी ती घेतली. दादाची तीन बोटं कापली तेव्हा मी इथे व्हिएन्नात होतो. पुढे त्याचं रक्त बिघडलं, मुलुंडहून परळच्या इस्पितळात त्याला नेताना तुम्ही एकट्या होतात, तेव्हा मी फिनलंडमध्ये एका अणुभट्टीची नोंदवही तपासत होतो. हो, निरीक्षक झालो मी. ज्यांना आपल्या घरात येऊ द्यायचं नाही म्हणून आम्ही भांडलो, तेच. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या देशांत जाऊन कामगारांना विचारलं, काल बिल्ला कुठे होता? ते हसायचे. त्यांना वाटायचं, हा माणूस विक्षिप्त आहे. स्वच्छ बिल्ला दिसला की मी त्या माणसाचे हात बघायला मागायचो. काही जणांचे हात वेळेत बघितले. त्याचं पुण्य मी स्वतःच्या नावावर धरत नाही.

इथे ग्रूस गॉट म्हणून शेजारी नमस्कार करतात, मीही करतो. कॅफेत माझी खुर्ची ठरलेली आहे. जर्मनमध्ये भांडू शकतो, मराठीत फक्त स्वतःशी. लोक विचारतात, तुमचं घर कुठे, मी सांगतो, मुंबईजवळ. खरं सांगायचं तर दादा गेल्यापासून मुलुंडच्या त्या खोलीत मी पाहुण्यासारखा बसतो. तुम्ही चांगलं ताट मला देता, आपल्या पोरींना सांगता, काकांना पाणी द्या. तुमचा तो आदर मला खाली बसू देत नाही.

म्हणून हे लिहिलं. साहेब गेले, नॉर्वेचा म्हातारा तर केव्हाच गेला. तक्ता कुठल्या तरी तळघरात पडला असेल, कुणी विचारणार नाही. विचारू शकाल अशा फक्त तुम्ही उरलात. माझ्यापुढे दोन ओळी होत्या, मी देशाला वाचवणारी ठेवली आणि दादाला वाचवणारी खोडली. देशालाही तिची गरज होती की नाही, देव जाणे.

तुमच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी असतं, भाऊजी, घरी कधी येताय? पस्तीस वर्षं एकाही पत्रात ते चुकलं नाही. घर म्हणून माझ्याकडे आता तेवढंच आहे. पुढच्या पत्रात ते नसलं, तर मी का म्हणून विचारणार नाही.