हात लावू नगंस

आई शेंगांच्या काढणीला जायची. तासगावकडच्या आमच्या गावात तेव्हा रीत होती, सांजेला घरी जाताना झाडा द्यायचा, शेंगा लपवल्या नाहीत हे दाखवायचं. मळ्याच्या वाटेवर मालकीणबाई उभी असायची. गावातल्या बायका पदर झटकून पुढं जायच्या. आम्ही महारवाड्यातल्या वेगळ्या रांगेत. आमच्या अंगाला हात लागला तर मालकिणीला विटाळ. म्हणून तिच्या हातात तुराटी. तुरीचं वाळकं काटूक. त्यानं ती आईची ओटी उचकायची, कमरेत टोचायची, लुगड्याचा काठ गुडघ्याच्या वर करायची. गाडीवान बघत बसायचे.

एकदा आईच्या निऱ्यांतून एक शेंग खाली पडली.

"चिखलानं चिकाटलीया वो, मालकीणबाई," आई म्हणाली.

"व्हय, तुमच्याच लुगड्याला बरी चिकाटतीया. सोड ते. सगळं झटकून दाव."

आईला तिथं वाटेवर लुगडं सोडावं लागलं. मी हात पसरून तिच्यापुढं उभी राहिले. माझ्या एवढ्याशा हातांनी काय झाकणार होतं? एका शेंगेसाठी माझ्या आईला उघडं केलं त्यांनी. हे मी विसरलेली नाही.

मी शिकले. मॅट्रिक झाले, पोलिसात लागले. नेमणूक झाली लांबच्या शहरात, विमानतळावर. विमानं पळवून न्यायचे प्रकार तेव्हा वाढले होते, म्हणून प्रवाशांची झडती सुरू झाली होती. बायकांसाठी पडद्याची एक खोली. आत मी. झडती घ्यायची आणि तिकिटावर शिक्का मारायचा. शिक्का नाही तर विमान नाही.

हे काम मला आवडत नव्हतं. परक्या बाईच्या पोटावरून हात फिरवताना आई डोळ्यांपुढं यायची. काही बायका कुरकुरायच्या, काही रडवेल्या व्हायच्या. त्यांचं मला पटायचं. अंग ज्याचं त्याचं. पण एका पिस्तुलाच्या धाकावर विमानभर माणसं ओलीस धरली जातात, त्यात तान्ही पोरंही असतात, हेही खरंच होतं. दोन्ही खरं. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. आधी सांगायचं, मग हात लावायचा, आणि सगळ्यांना सारखाच लावायचा.

एके दिवशी एक बाई आली. साताऱ्याकडच्या बड्या बागायतदाराची बायको. दिल्लीला निघाली होती. पडद्याआड आल्या आल्या म्हणाली, "आवं पोलीसबाई, लय गारठा हाय की हितं."

ती बोली ऐकली आणि मी हरखले. किती दिवसांनी कानावर पडली होती. मीही आपल्या बोलीत उत्तर दिलं.

"आवं, म्हंजी आमच्याकडच्याच की तुमी. कंचं गाव?"

मी गाव सांगितलं.

"आन गावात घर कुठं?"

आमच्या मुलखात हा प्रश्न घरासाठी विचारत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी खुशीत होते. बोलून गेले, "वेशीभायेर. महारवाड्यात."

झडतीसाठी वर केलेले तिचे हात खाली आले. 'तुमी'चं 'तू' झालं.

"हात लावू नगंस. दुसरी कुणी बाई न्हाई व्हय?"

"न्हाई. मीच हाय."

ती तरातरा बाहेर गेली, आमच्या साहेबांपुढं. "घरंदाज बायकांची काय अब्रू हाय का न्हाई? कुनीबी अंग चाचपायचं?" तिथं तिनं वेशीचा चकार शब्द काढला नाही.

साहेब मला म्हणाले, "मार शिक्का आणि सोड. ही बाई काय विमान पळवणार आहे?"

"मग कोण पळवतं साहेब? तिकीट न परवडणारे?"

"तू अजून नोकरीत कायम झालेली नाहीस. लक्षात ठेव."

लक्षात होतंच. माझ्या पगारावर गावाकडची चूल पेटत होती. पण आईचं लुगडंही लक्षात होतं. मी शिक्का मुठीत धरला. "झडतीशिवाय शिक्का नाही. नाहीतर तसं लिहून द्या, बागायतदारांच्या बायकांना झडती माफ."

लिहून कोण देतो? मागं बायकांची रांग खोळंबली. विमानाची वेळ होत आली. शेवटी ती आत आली.

मी सांगितलं आणि हात लावला. खांदे, काखा, कंबर. जोरात नाही, हलका नाही. इतरांना लावते तसाच. ती डोळे मिटून अंग चोरत होती. मला वाटलं होतं, आनंद होईल. झाला नाही. कीवही आली नाही. काही सापडलं नाही, मी शिक्का मारला. बाहेर नळावर तिनं कोपरापर्यंत हात धुतले. विमान खोळंबलेलं असताना.

साहेबांनी मला तिथून काढून चौकीत बसवलं. ठपका उद्धटपणाचा. सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला सगळं सांगितलं. वाटलं, शाबासकी देईल. आई घाबरून म्हणाली, "तिला इटाळ झाला आसंल की गं."

त्या तुराटीनं माझ्या आईच्या आत कुठवर टोचलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

परत आले आणि अर्जामागून अर्ज करून तीच पडद्याची जागा मागून घेतली. आता कुणी गाव विचारलं की मी आधी महारवाडा सांगते, गाव मागून. मग हात लावते. ज्याला विटाळ होतो त्यानं विमानात बसू नये.